न्हाणीघराचे नूतनीकरण आणि घराचा विमा

धाराशिव शहराजवळच्या डोंगरातील लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. या लेण्यांशी जोडलेली एक कथा मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात येते. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेले हे काव्य कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले आहे. कथेतील तेरापूर म्हणजेच आजचे तेर, ढोकीच्या शेजारचे.

राजा करकंड लेण्यात भगवान पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेला. तेथे त्याला दगडात एक गाठ दिसली. मूर्तीच्या शोभेला ती बाधा आणते, असे त्याला वाटले. त्याने एका वृद्ध शिल्पकाराला विचारले. लेणे कोरताना येथे पाण्याचा झरा लागला होता आणि तो अडवण्यासाठीच ही गाठ ठेवली आहे, असे शिल्पकाराने सांगितले. तरीही राजाने ती फोडण्याची आज्ञा दिली. गाठ फुटली, पाणी उसळले आणि पाहता पाहता सारे लेणे जलमय झाले. राजाला फार पश्चात्ताप झाला.

वरवर पाहता या कथेचा आणि आजच्या विषयाचा संबंध दिसणार नाही. पण जुन्या घराच्या न्हाणीघरात छिन्नी-हातोडा चालवण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने ती आठवावी. शोभेसाठी किंवा सोयीसाठी आपण एखादी गाठ फोडायला निघतो, तेव्हा आतले पाणी कोठून वाहते हे ठाऊक असलेला म्हातारा गवंडी जवळ असावा लागतो. आणि आपल्याच आज्ञेने फुटलेल्या पाण्याची भरपाई दुसरा कोणी करत नाही.

घरोघरीचा प्रश्न

ढोकीसारख्या बाजारपेठेच्या गावात व्यापारी कुटुंबाचे घर साधारणतः एकाच घडणीचे असते. रस्त्याच्या अंगाला दुकान, मागे किंवा वर राहण्याच्या खोल्या, परसात विहीर किंवा बोअर, आणि अगदी शेवटी न्हाणी. मूळ बांधकाम दगड-मातीचे, वर माळवद; पुढे एखाद्या पिढीने विटा-सिमेंटच्या दोन खोल्या जोडलेल्या. न्हाणीची शहाबादी फरशी वर्षानुवर्षांच्या पाण्याने गुळगुळीत झालेली असते. बोअरच्या पाण्यातील क्षारांनी नळ चोंदलेले असतात आणि मागच्या भिंतीवर कमरेइतकी ओल चढलेली असते.

तोवर घरातील वडीलधाऱ्यांचे वय सत्तरीच्या पुढे गेलेले असते. उकिडवे बसणे जमत नाही. पहाटे अंधारात परसात जाताना पाय घसरतो. एकदा पडणे झाले की सारे घर हादरते आणि मग न्हाणीघर नव्याने बांधण्याची चर्चा सुरू होते. गवंडी खर्चाचा अंदाज सांगतो. तो ऐकून कोणीतरी हमखास विचारते, “आपण घराचा विमा उतरवला आहे ना? मग त्यातून काही मिळेल का?”

हा प्रश्न स्वाभाविक आहे. दरवर्षी हप्ता भरायचा आणि घराच्याच कामासाठी त्याचा उपयोग होऊ नये, हे व्यापाऱ्याच्या मनाला पटत नाही. म्हणून उत्तर आधीच स्पष्ट सांगतो. केवळ जुने झाले, गैरसोयीचे झाले किंवा नवे हवे आहे म्हणून न्हाणीघराचे नूतनीकरण करायचे असेल, तर घराच्या विम्यातून एक रुपयाही मिळत नाही. मात्र विमापत्रात नमूद केलेल्या एखाद्या आकस्मिक घटनेने न्हाणीघराचे नुकसान झाले, तर ते पूर्ववत करण्याचा खर्च मिळू शकतो. ‘नवे करणे’ आणि ‘पूर्ववत करणे’ या दोन शब्दांतील अंतर समजले की पुढील सारा गोंधळ मिटतो.

जोखमी हुंडीचा धडा

आपल्या पूर्वजांना हे अंतर चांगले ठाऊक होते. हुंडीच्या अनेक प्रकारांत ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार होता. माल पाठवणारा त्या मालावर हुंडी लिहीत असे. माल सुखरूप पोहोचला तर हुंडीचे पैसे मिळत. वाटेत माल बुडाला तर हुंडी घेणाऱ्याने ते नुकसान सोसायचे. ही जोखीम पत्करण्याचा मोबदला हुंडीच्या भावातच धरलेला असे. हुंडी आणि विमा यांचा असा तो संगम होता.

जोखमी हुंडी घेणारा सावकार वाटेतल्या वादळाची जोखीम घेत होता. कापड जुन्या पद्धतीचे आहे, त्याला बाजारात उठाव नाही, म्हणून त्याने पैसे द्यावेत असे कोणी म्हणत नसे. जे घडेलच असे नाही, त्याची जोखीम दुसऱ्यावर टाकता येते. जे घडणारच आहे, त्याची तरतूद आपली आपणच करावी लागते. नळ गंजणार, फरशी झिजणार, माणूस म्हातारा होणार. हे सारे निश्चित आहे. आजचा विमाही याच पायावर उभा आहे.

विमापत्रात काय लिहिले आहे

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून राहत्या घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. कंपनी कोणतीही असो, या पॉलिसीचा मूळ मजकूर तोच असतो. त्यामुळे तो एकदा नीट समजून घेणे फायद्याचे ठरते.

आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणे, दरड कोसळणे, वाहन किंवा झाड यांसारखी बाहेरची वस्तू आदळणे, दंगल, दहशतवादी कृत्य अशा घटनांनी झालेली हानी या पॉलिसीत समाविष्ट आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम आहे ते पाण्याच्या टाक्या, पाण्याची उपकरणे आणि पाइप फुटल्याने किंवा भरून वाहिल्याने होणाऱ्या नुकसानीचे. न्हाणीघराचा आणि विम्याचा संबंध बहुतेक वेळा येथेच येतो.

‘घर’ या शब्दात केवळ भिंती आणि छत येत नाहीत. जमिनीला, भिंतींना व छताला कायम जोडलेल्या वस्तू, कुंपणाची भिंत, पाण्याची पक्की टाकी आणि शौचालयाची सेप्टिक टाकीसुद्धा त्यात येते. म्हणजे भिंतीत बसवलेले बेसिन हा घराचाच भाग; बादली, पाटा आणि सुटे यंत्र हे घरातील सामान.

विमा रक्कम ठरवताना जागेची बाजारातील किंमत धरत नाहीत. चटईक्षेत्राला बांधकामाच्या दराने गुणून ती काढतात. उदाहरणार्थ, चटईक्षेत्र ८० चौरस मीटर आणि दर चौरस मीटरचा बांधकाम खर्च २०,००० रुपये धरला, तर इमारतीची विमा रक्कम १६ लाख रुपये होते. घरातील सर्वसाधारण सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, मात्र कमाल १० लाख रुपये, इतके संरक्षण यादी न देताही मिळते. वरील उदाहरणात ते ३,२०,००० रुपये होईल. दागदागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी वेगळे ऐच्छिक संरक्षण घ्यावे लागते. रोख रक्कम यात येत नाही.

चोरीबाबतही एक गैरसमज आहे. या मूळ पॉलिसीत सरसकट घरफोडीची भरपाई नाही. आग, पूर अशा समाविष्ट घटनेनंतर सात दिवसांच्या आत आणि त्या घटनेमुळे झालेली चोरी तेवढी येते. घरफोडीसाठी निराळे संरक्षण विचारून घ्यावे.

चार प्रसंग

तत्त्व उदाहरणांतून लवकर पटते. म्हणून समजा, ढोकीच्या बाजारपेठेत एक दुमजली घर आहे आणि त्याचा ‘भारत गृह रक्षा’ विमा चालू आहे.

पहिला प्रसंग. पहाटे वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचा पाइप अचानक फुटला. घर जागे होईपर्यंत खालच्या खोलीचे छत गळाले, लाकडी कपाट फुगले आणि विजेच्या तारा भिजल्या. हे नुकसान विम्यात बसते. छताची दुरुस्ती, वायरिंग व सामान यांचा दावा करता येतो. पण पाइप गंजून फुटला असेल, तर गंजलेल्या पाइपच्या जागी नवा घालण्याचा खर्च सहसा मालकालाच करावा लागतो. कारण गंज हा कालाचा परिणाम आहे, अपघात नव्हे.

दुसरा प्रसंग. टाइल्सच्या सांध्यांतून तीन वर्षे थोडे थोडे पाणी झिरपत होते. भिंतीचा गिलावा फुगला, रंग पोपडे धरून पडला. येथे एकाएकी काही फुटले नाही किंवा भरून वाहिले नाही. हळूहळू होणारी गळती, ओल, बुरशी आणि झीज यांची भरपाई मिळण्याची आशा धरू नये. वॉटरप्रूफिंग हे मालकाचे कर्तव्य मानले जाते.

तिसरा प्रसंग. जोराच्या वादळात शेजारचे झाड मागच्या भिंतीवर कोसळले आणि न्हाणीघर अर्धे पडले. याची भरपाई मिळते. पुनर्बांधणीचा खर्च जुनेपणाची घट वजा न करता धरला जातो, हा या पॉलिसीचा मोठा गुण आहे. ढिगारा हलवण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद, अभियंता यांच्या शुल्कासाठी ५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. मात्र पूर्वी साधी फरशी असेल तर साध्या फरशीचाच खर्च मिळेल. त्या निमित्ताने संगमरवर बसवायचा असेल, तर वरचा फरक आपल्या खिशातून जाईल.

चौथा प्रसंग. मुलाचे लग्न ठरले, पाहुणे येणार, म्हणून जुनी न्हाणी पाडून नवे न्हाणीघर बांधले. याला विम्यातून काहीही मिळत नाही. विमित घटनेने घर राहण्याजोगे उरले नाही, तर तात्पुरत्या निवासाचे भाडे ही पॉलिसी देते. पण आपण हौसेने काम काढून महिनाभर नातेवाइकांकडे राहिलो, तर त्याचे भाडे मिळत नाही.

एक पाचवी गोष्ट येथेच सांगून ठेवावी. न्हाणीघरात पडून आईच्या खुब्याचे हाड मोडले, तर रुग्णालयाचा खर्च घराच्या विम्यातून येत नाही. त्यासाठी आरोग्य विमा लागतो. ‘भारत गृह रक्षा’मध्ये पाच लाखांचे ऐच्छिक अपघात संरक्षण असते, पण ते घराचे नुकसान करणाऱ्या विमित घटनेत विमाधारक किंवा त्याच्या जोडीदाराचा मृत्यू झाला तर मिळते.

काळी माती आणि भिंतीची भेग

आपल्या भागाची जमीन बहुतांशी काळी, चिकण. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. शेतकऱ्याला वर देणारी ही माती बांधकामाला मात्र त्रास देते. न्हाणीघराचे पाणी पायाशी मुरत राहिले, तर तेवढ्याच भागातील माती फुगलेली राहते, बाकीची आकसते. आणि भिंत कोपऱ्यातून तिरपी चिरते.

पॉलिसीत ‘जमीन खचणे’ हा शब्द वाचून अनेकांना वाटते की अशी भेग विम्यात बसेल. परंतु नव्या बांधकामाचे नैसर्गिक बसणे व त्यातून पडणाऱ्या भेगा, भराव घातलेल्या जमिनीचे खचणे, सदोष रचना, हलके साहित्य, तसेच पाडकाम, खोदकाम व दुरुस्तीच्या कामामुळे झालेले खचणे या कलमातून वगळलेले आहे. म्हणजे शेवटी उपाय एकच. सांडपाणी पायापासून दूर नेणे, मोरीचा उतार नीट ठेवणे आणि शोषखड्डा भिंतीला खेटून न खोदणे. या कामावर खर्च केलेले काही हजार रुपये पुढे लाखाचे नुकसान टाळतात.

१९९३ ची पहाट

आपल्या जिल्ह्यात या विषयाला आणखी एक पदर आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते. आपल्या दिगंबर बांधवांच्या दशलक्षण पर्वाचाही तो अखेरचा दिवस. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. ५२ गावे उद्ध्वस्त झाली व नव्या जागी वसवावी लागली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील १२०० मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, ही आपल्या समाजाच्या स्मरणातील अभिमानाची गोष्ट आहे.

तोपर्यंत हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात असे. माणसांचे बळी मुख्यतः घरांच्या रचनेने घेतले. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा मातीचा प्रचंड भार. अशा भिंतीत ओल मुरली की दगडांमधील माती आपली पकड सोडते. जुन्या वाड्याच्या भिंतीला लागून न्हाणीघर असेल, तर त्या भिंतीची ओल हा रंगरंगोटीचा प्रश्न राहत नाही. तो माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न होतो.

म्हणून जुन्या घरात नूतनीकरणाचा पैसा कोठे आधी खर्च करावा, याचा क्रम आपल्याकडे वेगळा आहे. चकचकीत टाइल्स शेवटी. आधी ओल थांबवणे आणि भिंत भक्कम करणे. शक्य असेल तर न्हाणीघर दगड-मातीच्या भिंतीपासून सोडवून स्वतंत्र पक्क्या बांधकामात नेणे. माळवदावर पाण्याची जड टाकी मुळीच न ठेवणे. आणि भूकंप व पूर या दोन्ही घटना पॉलिसीत अंतर्भूत आहेत याची खात्री करून विमा चालू ठेवणे. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम या तालुक्यांत अतिवृष्टीने आणि पुराने केलेली हानी आपण पाहिली आहे. कोरडवाहू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातही पुराचे कलम निरुपयोगी नसते.

काम काढण्यापूर्वी विमा कंपनीला कळवावे

नूतनीकरणाला विमा पैसे देत नाही. पण नूतनीकरणाने विम्यावर परिणाम होतो, याकडे दुर्लक्ष होते. पॉलिसी सुरू झाल्यानंतर किंवा शेवटच्या नूतनीकरणानंतर घराचे चटईक्षेत्र १० टक्क्यांहून अधिक वाढवले, तर वाढीव हप्ता भरून नोंद केल्याशिवाय त्या वाढीव बांधकामाला संरक्षण मिळत नाही. आपल्या ८० चौरस मीटरच्या घरात ही मर्यादा ८ चौरस मीटर येते. एक लहान न्हाणीघर तीत बसेल. दोन न्हाणीघरे आणि वर एक खोली बसणार नाही.

नवे न्हाणीघर महागडे झाले, तर पुनर्बांधणीचा खर्चही वाढतो. म्हणून काम पूर्ण होताच विमा रकमेचा फेरविचार करावा. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत इमारतीची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. एक वर्षाच्या पॉलिसीत ती आठवण आपल्यालाच ठेवावी लागते.

काम चालू असताना मिस्त्री किंवा मजूर जखमी झाला, तर त्याचा उपचार घराच्या विम्यातून होत नाही. ठेकेदाराने आपल्या कामगारांसाठी भरपाईचा विमा काढला आहे का, हे काम देण्यापूर्वी विचारावे. ज्याच्या घामावर आपली भिंत उभी राहणार, त्याच्या हातापायांची काळजी आपण घेतली पाहिजे.

खाली दुकान, वर घर

व्यापारी कुटुंबांना ही बाब विशेष लक्षात ठेवावी लागते. ‘भारत गृह रक्षा’ राहत्या घरासाठी आहे. खालचे दुकान आणि त्यातील माल तीत येत नाही. एकाच ठिकाणी ५ कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यापुढे ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या पॉलिसी त्याच दिवशी, म्हणजे १ एप्रिल २०२१ पासून लागू झाल्या. वरच्या न्हाणीघराचा पाइप फुटून खाली कापडाचे तागे किंवा धान्याची पोती भिजली, तर छताचा दावा एका पॉलिसीत आणि मालाचा दुसऱ्या पॉलिसीत जाईल. दुसरी पॉलिसीच नसेल, तर माल गेला तो गेला.

दोन्हींत एक मोठा फरक आहे. घराच्या पॉलिसीत विमा रक्कम कमी पडली म्हणून दाव्याला प्रमाणशीर कात्री लावत नाहीत. दुकानाच्या पॉलिसीत मात्र ही सवलत १५ टक्क्यांच्या तुटीपर्यंतच आहे. समजा, दुकानात २० लाखांचा माल आहे आणि विमा १० लाखांचाच उतरवला आहे. २ लाखांचा माल भिजला, तर हाती सुमारे १ लाखच येतील. हप्त्यातील थोडी बचत अशी महागात पडते. वहीतील साठा, कराच्या विवरणातील साठा आणि विमापत्रातील साठा हे तिन्ही आकडे जुळले पाहिजेत.

मग खर्च कोठून करावा

विम्याचा मार्ग बंद असला, तरी बाकीचे मार्ग खुले आहेत. पहिला आणि उत्तम मार्ग बचतीचा. दुकानाच्या उलाढालीतून दरमहा ठरावीक रक्कम ‘घरदुरुस्ती’ या नावाने वेगळी काढावी. दोन-तीन वर्षांत न्हाणीघराचा खर्च उभा राहतो आणि कर्जाचे ओझे येत नाही.

दुसरा मार्ग बँकेच्या गृहसुधारणा कर्जाचा किंवा चालू गृहकर्जावरील वाढीव कर्जाचा. वैयक्तिक कर्जापेक्षा त्याचा व्याजदर सहसा कमी असतो. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. आपण कोणत्या करप्रणालीत आहोत, हे आपल्या कर सल्लागाराला विचारून मगच हिशेब करावा. ज्या ग्रामीण कुटुंबांकडे मुळीच शौचालय नाही, अशा पात्र कुटुंबांना स्वच्छ भारत मिशनमधून १२,००० रुपयांचे प्रोत्साहन अनुदान मिळते. आपल्या दुकानातील नोकराच्या किंवा शेतातील सालगड्याच्या घरी ही माहिती पोहोचवावी.

पैसे थोडे असतील, तर सारे काम एकदम काढू नये. वृद्धांसाठी न घसरणारी फरशी, कमोडजवळ व नळाजवळ भिंतीत पक्के बसवलेले धरायचे दांडे, उंबऱ्याची उंची कमी करणे, आत रात्रभर मंद दिवा आणि बाहेरूनही उघडता येईल अशी कडी. एवढ्याने निम्मा धोका कमी होतो. या गोष्टींना फार खर्चही येत नाही.

सर्व बिले जपून ठेवावीत. पुढे विम्याचा दावा करायचा झाला, तर काय बसवले होते याचा तोच पुरावा. आणि कधी घर विकले, तर भांडवली नफा मोजताना सुधारणेचा खर्च दाखवण्यासाठीही तीच उपयोगी पडतात.

दावा आणि सचोटी

नुकसान झालेच, तर आधी पाण्याचा मुख्य कॉक आणि विजेचा मुख्य स्विच बंद करावा. सामान हलवून आणखी नुकसान होऊ देऊ नये. छायाचित्रे घ्यावीत. विमा कंपनीला त्वरित कळवावे. फुटलेला पाइप, उखडलेल्या टाइल्स, भिजलेला माल सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत फेकू नये. गवंडी व प्लंबर यांच्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे. कंपनीने दावा फेटाळला, तर तिच्या तक्रार विभागाकडे लेखी जावे. एक महिन्यात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तेथे विनाशुल्क ऐकल्या जातात. आपल्या जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे.

अनेक कुटुंबे दीर्घ यात्रेला जातात. शिखरजीला निघताना देवघर, तिजोरी, दुकानाचे कुलूप आठवणीने पाहिले जाते. पाण्याचा मुख्य कॉक मात्र उघडाच राहतो. टाकी भरून वाहिली तर पंधरा दिवस ती कोणाला कळत नाही. कॉक बंद करावा, किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी, आणि घर दीर्घकाळ बंद राहणार असेल तर पॉलिसीत त्याबद्दल काय अट आहे ते पाहून कंपनीला कळवावे.

शेवटी एक नाजूक गोष्ट. न्हाणीघर नवे करायचेच आहे, मग जुन्या गळतीलाच ‘काल रात्री पाइप फुटला’ असे नाव द्यावे, असा सल्ला देणारे लोक भेटतात. त्यात काय बिघडते, कंपनीकडे भरपूर पैसा आहे, असेही ते म्हणतात. व्यवहाराच्या बाजूने पाहिले, तर ओलीचे डाग, गंजाचे थर आणि बुरशी किती जुनी आहे हे सर्व्हेअरला पाहताच कळते. खोटेपणा उघड झाला तर सारा दावा फेटाळला जातो आणि पॉलिसीचे संरक्षणही जाते. पण आपल्या घरात हा विचार येथे थांबू नये. विम्याचा पैसा हा सर्व विमाधारकांनी मिळून साठवलेला असतो. न घडलेल्या घटनेपोटी त्यातून रक्कम घेणे म्हणजे न दिलेले घेणे. अचौर्य व्रताची व्याख्या याहून वेगळी नाही. ज्या पेढीची पत तिच्या शब्दावर उभी आहे, त्या पेढीने चार टाइल्ससाठी तो शब्द मोडू नये.

करकंड राजाच्या कथेत वृद्ध शिल्पकाराने खरे तेच सांगितले होते. राजाने ऐकले नाही. आपल्या घरातही एखादा जुना गवंडी, एखादी आजी, ‘या भिंतीला हात लावू नका, आतून पाणी जाते’ असे सांगत असते. या दिवाळीपूर्वी एक संध्याकाळ काढून कपाटातील विमापत्र बाहेर काढावे, न्हाणीघराची मागची भिंत हाताने चाचपून पाहावी आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, “रात्री उठताना कोठे धरायला आधार लागतो?” काम तेथूनच सुरू करावे.